शेवटचा खेळ: वाचकांचे सिनेमे, कंडक्टरकाकांची उत्तरं

गणपती गेले आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच सिनेमाबद्दल आहेत, म्हणून त्याला जागाही जास्त दिली आहे. ज्यांची पत्रं राहिली त्यांनी रागावू नये, सगळी वाचली आहेत आणि जपून ठेवली आहेत.

हे सदर पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. मी एस.टी.त २९ वर्षं कंडक्टर होतो. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, सावंतवाडी, जिथे मुक्काम पडेल तिथे हिशेब भरायचा, डबा खायचा आणि रात्री नऊचा खेळ गाठायचा. गाव लहान असेल तर सत्यनारायणाच्या पूजेला शाळेच्या पटांगणात पडदा लागायचा. पुढे जागा नसली की पडद्यामागे बसायचं. तिकडून नावं उलटी दिसत आणि नायक डाव्या हाताने बंदूक चालवी, पण गोष्ट तीच असायची. आता देवगड तालुक्यात घरी असतो. सिनेमा अजून सुटलेला नाही.

"काका, 'दशावतार' बापाशीक घेवन बघलंय. माका खूप आवाडलो. बापूस मात्र घराक येयसर गप होतो. मगे म्हणालो, 'ह्यो दहिकालो न्हय, ह्यो सूडाचो पिक्चर.' तेंचा बरोबर की माझा?"
एक वाचक, मालवण

दोघांचांय बरोबर असा. आता सगळ्या वाचकांसाठी जरा सविस्तर लिहितो.

तुझ्या वडिलांनी रात्ररात्र जागून दहिकाला, म्हणजे जत्रेतला दशावताराचा खेळ, पाहिला आहे. त्यांच्या डोळ्यांपुढे देवळाचं पटांगण असतं, एक बाकडं असतं, पायपेटी, पखवाज आणि झांज असते. आधी आडदशावतार होतो: गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, भटजी येतो, संकासुर धुमाकूळ घालतो. मग आख्यान लागतं ते पहाटेपर्यंत. लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं ते खेळाआधी ठरतं आणि नट आपापली भाषणं उभ्या उभ्या रचतो. दोन राजे समोरासमोर आले की त्यांच्या वादात अर्धा तास सहज जातो, आणि जाणकार माणूस त्या अर्ध्या तासासाठीच तर बसलेला असतो. इतकं सगळं ज्याच्या मनात आहे त्याला अडीच तासांचा सिनेमा तोकडा वाटणारच.

एक आठवण सांगतो. सावंतवाडीकडची पहाटेची पहिली गाडी होती. एका तिठ्यावर दशावताराची मंडळी चढली. मध्यम वयाचा एक माणूस खिडकीशी बसला आणि बसल्या बसल्या झोपला. तिकिटासाठी खांद्याला हात लावला तेव्हा दिसलं की चेहरा धुतलेला आहे, पण कानामागे आणि मानेच्या वळीत सफेदा तसाच राहिलाय. रात्रभर तो राजा होता. त्याने पैसे मोजून दिले आणि म्हणाला, "मास्तरानू, पेटाऱ्यार दुसरा सामान टाकू नकात हां, आत देव असा." पेटाऱ्यात गणपतीचा मुखवटा असतो, त्याची पूजा होते. मी लगेजचं तिकीट फाडलं आणि उतरेपर्यंत त्या पेटाऱ्याला कुणाची पिशवी टेकू दिली नाही.

'दशावतार' बघायला गेलो तो त्या माणसाला शोधायला. आणि तो सापडला. दिलीप प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा. १२ सप्टेंबर २०२५ ला हा सिनेमा लागला तेव्हा त्यांनी वयाची ८१ वर्षं पूर्ण केली होती. त्यांचा बाबुली मेस्त्री म्हातारा झालाय, नजर अधू होत चाललीय, मुलगा माधव म्हणतो आता पुरे. मुलाचंही चुकत नाही, बापाचंही चुकत नाही. हा पहिला भाग मला फार मोलाचा वाटला. ज्या घरात एखाद्याला कलेचं वेड असतं, त्या घरात पैशाची ओढाताण, काळजी आणि अभिमान एकाच चुलीवर शिजतात. प्रभावळकर रंगभूषेत नसतात तेव्हाही त्यांच्या चालण्यात सोंग घेतलेल्या माणसाची ऐट थोडी उरलेली असते, आणि माझ्या गाडीतल्या राजाची ऐट नेमकी तशीच होती.

नंतर खाण येते, पैसेवाले येतात, आणि सिनेमा वेगळ्या वाटेने जातो. तिथे तुझ्या वडिलांशी मी अर्धा सहमत आहे. दुष्ट माणसं नुसती दुष्ट आहेत. खाणवाला खऱ्या आयुष्यात गावात येतो तेव्हा गोड बोलतो, देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे देतो, पोरांना नोकरी लावतो म्हणतो. तो गोडवा दाखवला असता तर भीती जास्त वाटली असती. रेडीची खाण आपण सगळे जाणतो, कळणे गावच्या खाणीचं जे झालं तेही ठाऊक आहे. दोडामार्गाच्या गाडीवर असताना काजूच्या पानांवर बसलेला तांबडा धुरळा मी पाहिलाय. पहिल्या पावसापर्यंत ती पानं हिरवी दिसत नसत.

आता तुझी बाजू. दिग्दर्शक सुबोध खानोलकरांनी एक प्रश्न धरलाय आणि तो दशावतारातूनच येतो. ज्याने उभा जन्म बाकड्यासमोर असुर मारले, त्याच्या दारात खरा असुर आला तर त्याने काय करायचं? रंग पुसून गप्प बसायचं की रंग लावायचा? म्हणून सिनेमाचं नाव मला योग्य वाटतं. एक मात्र मनात राहिलं: मालवणी आणखी दाट हवी होती. मुंबई-पुण्याच्या माणसाला कळावी म्हणून तिच्यात पाणी घातलंय असं वाटतं. आपल्या भाषेत राग येतो तेव्हा माणूस हळू बोलतो, आणि तो हळू आवाज ऐकायला मी कान लावून बसलो होतो.

कार्तिकातल्या जत्रा सुरू झाल्या आहेत. या वेळी तू बापाशीबरोबर दहिकाल्याला जा आणि पहाटेपर्यंत बस. तो गप्प होता असं तू लिहितोस. बाकड्यासमोर बसल्यावर त्याला विचार, त्याने पाहिलेला पहिला राजा कोण होता. मग बोलेल.

"सगळे म्हणतात हा मराठीतला 'कांतारा'. हे कौतुक समजायचं का?"
एक वाचिका, सावंतवाडी

मला ते पटत नाही. रिषभ शेट्टींचा 'कांतारा' २०२२ चा, तुळुनाडूतल्या भूतकोलावर उभा असलेला. तिथे अंगात दैव येतं. गाव त्या माणसाशी देवाशी बोलावं तसं बोलतं आणि त्याने दिलेला शब्द पाळतं. तो विधी आहे. आपला दशावतारी नट देवाचं सोंग घेतो, पण तो नट आहे हे त्यालाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही. भर युद्धात तो समोरच्या म्हाताऱ्याची खोडी काढतो, गावच्या रस्त्यावरून टोला मारतो आणि पुन्हा राजा होतो. पहाटे रंग उतरवून एस.टी.ची वाट बघतो. दोन्ही सिनेमांत राखणदार आहे, जंगल आहे, जमिनीचा लोभ आहे, एवढं साम्य खरं. पण साम्य मोजत बसलं की आपल्याकडे काय वेगळं आहे ते दिसेनासं होतं.

"माझा सिनेमावाल्यांवर एक राग आहे. कुठल्याही सिनेमात कोळणीच्या टोपलीतून पाणी गळत नाही. मी पस्तीस वर्षं मासळी विकते, माझा खांदा कधी कोरडा नव्हता. हे कुणाला दिसत कसं नाही?"
एक वाचिका, हर्णै

ताई, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं, घरी मोठ्याने वाचून दाखवलं.

तुम्ही जे म्हणता त्यावरच मी सिनेमाची परीक्षा करतो. पडद्यावर एस.टी. आली की माझी नजर कंडक्टरच्या हातांवर जाते. मशीन येण्यापूर्वी तिकिटांचा ट्रे डाव्या हातावर असायचा, पंच उजव्या हातात. गाडी वळणावर कलली की पाठ सीटच्या दांड्याला टेकायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहायचे. सुटे पैसे बोटांच्या पेरांत, नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात. सिनेमातला कंडक्टर एका हाताने वरचा दांडा धरतो आणि दुसऱ्या हाताने तिकीट देतो. पंच कुठल्या हाताने करतो? ज्याने दिग्दर्शन केलं तो एकदा तरी उभ्याने घाट उतरला असता तर हे झालं नसतं.

हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळचा लिलाव मी खूपदा पाहिलाय. होड्यांतून मासळी किनाऱ्यावर येते, बैलगाड्या पाण्यात शिरतात, बायका वाळूवर ढीग मांडतात आणि बोली सुरू होते. बोली लावणारीचा चेहरा कसा असतो? तोंड एकीकडे, नजर शेजारच्या ढिगावर, आणि बोटं पापलेटाच्या पोटावरून फिरून ताजेपणा सांगतात. सिनेमात मात्र कोळीण लुगड्याला इस्त्री करून येते, मोठ्याने हसते, गाणं म्हणते. गाण्याबद्दल तक्रार नाही, आपल्याकडे गाणी आहेतच. पण घसा बसलेली, खांद्यावर ओलं फडकं टाकलेली, हिशेबात कधी न चुकणारी बाई मला पडद्यावर बघायची आहे. तुमचं पत्र कुणा पटकथा लिहिणाऱ्याच्या हाती पडावं म्हणून ते इथे पहिल्या काही पत्रांत घेतलं आहे.

"सासऱ्यांनी निसर्ग वादळानंतर सुपारीची वाडी विकली. परवा घरी 'नारबाची वाडी' लावला होता, ते मध्येच उठून मागच्या दारी गेले. आम्ही काही चुकलो का?"
एक वाचिका, श्रीवर्धन

तुमचं काहीच चुकलं नाही. त्यांचंही नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: म्हाताऱ्या नारबाचा आपल्या वाडीवर जीव आहे. जमीनदाराला ती वाडी हवी आहे. तू असेपर्यंत दरमहा पैसे देतो, तुझ्यामागे वाडी माझी, असा सौदा ठरतो आणि मग नारबा काही मरत नाही. मूळ नाटक बंगालीतलं, मनोज मित्रांचं. आदित्य सरपोतदारांनी २०१३ मध्ये ते आपल्या मातीत इतकं नीट रुजवलं की परकं कुठे वाटत नाही. नारबा पुन्हा प्रभावळकरच. लोक पोट धरून हसतात. मीही हसलो. पण वाडी गेलेल्या माणसाला तो विनोद कुठे लागत असेल याचा विचार तुमचं पत्र येईपर्यंत मी केला नव्हता.

३ जून २०२० ला वादळ श्रीवर्धन-दिवेआगरवर आलं. त्यानंतर काही दिवसांनी तिकडून आलेल्या एका चालक मित्राने फोनवर एवढंच सांगितलं, "वाड्यांतून आता समुद्र दिसतो." सुपारीचं झाड लावलं की फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. साठी-सत्तरीच्या माणसाने ते गणित मांडलं तर त्याला काय उत्तर मिळेल? त्यात मजुरी, माकडांचा त्रास, सातबाऱ्यावरची दहा नावं. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं नाव लांबवर आहे, पण नावावर शिपणं होत नाही. त्यांनी विकली ती लोभाने नव्हे, एवढं मी त्यांना न भेटताही लिहितो.

वाडी विकल्याबद्दल त्यांच्याशी बोलू नका. झाडांबद्दल बोला. रहाट होता का, पाटाचं पाणी कुणाकडे किती वेळ असायचं, सुपारी सोलायला किती बायका यायच्या, झाडावर चढणारा या झाडावरून त्या झाडावर झोका घेऊन कसा जायचा. एक वही घ्या आणि ते सांगतील ते लिहा. सिनेमा पुन्हा लावायचा की नाही ते त्यांच्यावर सोडा. कदाचित तेच एके दिवशी म्हणतील, त्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं?

"आठ वर्षांच्या मुलाने मामाकडे 'मुंज्या' बघितला. आता शाळेच्या वाटेवरच्या पिंपळाखालून जायला तयार नाही, लांबून वळसा घालतो. मुंज्या खरा असतो का असं रोज विचारतो. काय सांगू?"
एक वाचिका, रत्नागिरी

हाही सरपोतदारांचाच, २०२४ चा. नारबाचा दिग्दर्शक तोच आणि मुलांची झोप उडवणाराही तोच. मोठ्यांसाठी सिनेमा मजेचा आहे. आपली जुनी समजूत, मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी मुलगा गेला तर तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, ती त्यांनी उचलली आहे. सुहास जोशींची आजी मला सगळ्यात आवडली, घरात भीती आणि माया दोन्ही एकाच माणसाकडे असतात हे तिच्यामुळे पटतं. आठ वर्षांच्या मुलाला मात्र दाखवायला नको होता, हे मामाला माझ्या नावाने सांगा.

"असं काही नसतं" म्हणून त्याला गप्प करू नका, त्याने मूल भ्यायचं थांबत नाही, विचारायचं थांबतं. त्याला सांगा की तो मुंज्या संगणकावर बनवलेला आहे. चित्रीकरण चाललं होतं तेव्हा नट रिकाम्या जागेकडे बघून ओरडत होते. घरी हा खेळ करा: तुम्ही रिकाम्या कोपऱ्याकडे बघून घाबरल्याचं नाटक करा, मग त्याला करायला सांगा. दोन-तीनदा केलं की त्याला करण्यातली गंमत कळेल.

मग एका रविवारी भरदुपारी त्याच्याबरोबर त्या पिंपळाकडे जा. चांगली मोठी पाच-सात पानं गोळा करा, घरी पाण्यात भिजत घाला. दोनेक आठवड्यांत वरचा हिरवा गर कुजतो, हलक्या हाताने धुतला की नुसती जाळी उरते. वहीत ठेवायला द्या. ज्या झाडाची जाळी आपल्या वहीत आहे त्या झाडाला फार दिवस भिता येत नाही.

मी मुक्कामाच्या गाडीत पिंपळाखाली पुष्कळदा झोपलोय. माझा चालक घाटातल्या राखणदाराला नारळ दिल्याशिवाय हंगामातली पहिली फेरी काढत नसे. मी कधी त्याला अडवलं नाही. त्याच्या गाडीला कधी अपघात झाला नाही, कारण तो वळणावर हळू चालवायचा.

"मित्रांत पैज लागलीय. 'तुंबाड' कोकणातला की नाही?"
एक वाचक, चिपळूण

तुंबाड गाव खेड तालुक्यातलं, जगबुडीच्या काठचं. श्री. ना. पेंडश्यांच्या कादंबरीमुळे घरोघरी पोचलेलं. सिनेमाची गोष्ट त्या कादंबरीची नाही, आणि पडद्यावरचा मोठा वाडा घाटावरचा, सासवडचा. म्हणजे पैज दोघांनी अर्धी अर्धी वाटून घ्या.

पण माझ्या लेखी तो कोकणातला आहे, आणि कारण पाऊस. सिनेमातला नेहमीचा पाऊस नळाचा असतो: सरळ पडतो, थेंब मोठे, आणि मागे ऊन दिसतं. दिग्दर्शक राही अनिल बर्वे आणि मंडळींनी खऱ्या पावसासाठी एकामागून एक पावसाळे घालवले. तो उजेड बघा. सकाळचे अकरा आणि संध्याकाळचे सहा सारखेच दिसतात, भिंती आतून ओल्या, कपडा वाळत नाही, माणसाच्या आवाजालाही ओल येते. तुम्ही चिपळूणकर, २००५ चा पूर पाहिला, २२ जुलै २०२१ ची पुरातली वाशिष्ठी नदी पाहिली. तुम्हाला पावसाची भीती शिकवायला नको. २०१८ मध्ये सिनेमा लागला तेव्हा फार थोड्यांनी पाहिला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा आधीपेक्षा जास्त चालला. एखादी गोष्ट लोकांपर्यंत पोचायला सहा वर्षं लागतात, ती पोचली याचा मला फार आनंद झाला.

"'छावा' बघून संगमेश्वरला जायचं ठरवतोय. काय बघावं?"
एक वाचक, देवरुख

तुम्ही तर शेजारीच आहात. कसब्याला जा. १६८९ च्या सुरुवातीला संभाजी महाराज पकडले गेले ते संगमेश्वरात. स्मारकापाशी जरा वेळ उभे राहा, मग कर्णेश्वराचं देऊळ बघा, दगडातलं काम सावकाश बघण्यासारखं आहे. सिनेमातला आवाज डोक्यात असताना तिथली शांतता अंगावर येते. दोन्ही नदीकाठांवर चालून या, घाई करू नका.

"तुम्ही मागच्या अंकात सुचवलात म्हणून 'किल्ला' बघितला. छान दिसतो, पण काही घडतच नाही. मला काय कळलं नाही ते सांगाल?"
बारावीचा विद्यार्थी, गुहागर

तुला न कळण्यासारखं त्यात काही नाही. तू ज्या गावात जन्मलास तिथेच आहेस, म्हणून ते तुला घडल्यासारखं वाटत नाही, इतकंच.

वडील गेलेला अकरा वर्षांचा मुलगा आईच्या बदलीमुळे अनोळखी गावात येतो. आईला नवं कचेरीतलं राजकारण, मुलाला नवा वर्ग. दोघंही एकमेकांपासून आपलं दुःख लपवतात. दिग्दर्शक अविनाश अरुण आधी कॅमेरामन, त्यामुळे सगळं डोळ्यांनी सांगतो. ती मित्रांची सायकलची शर्यत आठव. मुलं पोराला किल्ल्यावर एकटं टाकून निघून जातात आणि पाऊस कोसळतो. बघताना मला धाप लागली. त्याला कुणी मारलं नाही, दरीत ढकललं नाही. पण 'आपण मित्र' म्हणणारे निघून गेले, यापेक्षा त्या वयात मोठं काय घडतं? २०१४ मध्ये बर्लिनला मुलांच्या परीक्षक मंडळाने याला पारितोषिक दिलं. तिथल्या पोरांना मराठी येत नव्हती, त्यांना हे कळलं.

बदलीचं घर मी गाडीत पुष्कळदा पाहिलंय. टपावर कॉट आणि गाद्यांची वळकटी, आईच्या मांडीवर डालड्याच्या डब्यात लावलेली तुळस, आणि मुलगा खिडकीशी, मागे बघत. ते मूल एसटीत कधी काही मागत नाही, आणि मागत नाही हेच कंडक्टरला आधी कळतं. मी अशा मुलाला कधी कधी वापरलेल्या तिकिटांचं थोटुक द्यायचो, रंगीत असायचं. एकाने ते नीट उलगडून खिशात ठेवलं आणि उतरेपर्यंत खिशावर हात ठेवून बसला होता.

तुझ्या वर्गात या वर्षी बदलीवर आलेलं कुणी आहे का? असेल तर 'किल्ला' त्याच्याबरोबर परत बघ.

"नातवाने 'श्वास' मोबाइलवर बघितला, कानात त्या वायरी घालून, एसटीत. रडला म्हणतो. मी त्याला म्हटलं, हे काय सिनेमा बघणं झालं का? तुमचं काय मत?"
एक आजोबा, कुडाळ

आजोबा, तो रडला असेल तर त्याने सिनेमा पाहिला. एवढ्याशा काचेतून त्याच्यापर्यंत परशा आणि त्याचे आजोबा पोचले याचं मला तुमच्याइतकंच आश्चर्य वाटतं.

पण तुमचं म्हणणंही सोडू नका. 'श्वास' २००४ मध्ये आला तेव्हा माझा मुक्काम रत्नागिरीत होता. संदीप सावंतांचा सिनेमा, अरुण नलावडे आजोबा आणि अश्विन चितळे नातू. मुलाच्या डोळ्याला कर्करोग, शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल पण दृष्टी जाईल. मग दिसतंय तोवर जग दाखवायला आजोबा त्याला दवाखान्यातून बाहेर घेऊन जातात. अख्खं थिएटर एकाच वेळी श्वास धरून होतं. माझ्या शेजारी एक हमाल बसला होता, त्याने रडताना तोंड झाकलं नाही, कुणीच झाकलं नाही. त्या अंधारात चारशे माणसांना एकच पोर आपलं वाटत होतं, आणि ते कानातल्या वायरीतून मिळत नाही. १९५४ मध्ये 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं होतं, त्यानंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं ते 'श्वास'ला. पुढे ऑस्करसाठी भारतातर्फे गेला तेव्हा तिकडच्या खर्चाला लोकांनी वर्गणी काढली. आमच्या आगारातही पत्र्याचा डबा फिरला होता. एका चालकाने त्यात जेवणाच्या भत्त्याची नोट टाकली आणि म्हणाला, "माझ्या बापाने मला असाच मुंबईला नेला होता, डोळ्यांसाठी." त्याबद्दल तो त्याआधी आठ वर्षांत कधी बोलला नव्हता.

नातू सुट्टीला येईल तेव्हा घरच्या टीव्हीवर लावा. तुम्ही त्याच्या शेजारी बसा, समोर नको. आजोबा मुलाचं बोट धरून बाहेर पडतात तिथे त्याचा हात तुमच्या हाताकडे येतो का बघा. आला तर सिनेमा थांबवू नका.